पितळेच्या सहा खुंट्या

आमच्या घराला दार नव्हतं. चौकट होती, चांगली सागवानी, बाबांनी लग्नाआधी स्वतः केलेली. पण तिच्यात पत्र्याचा एक पल्ला तारेनं बांधून ठेवलेला होता. वारा सुटला की तो पल्ला चौकटीवर आपटायचा आणि समोरच्या घरातलं कुत्रं त्याच्यावर भुंकायचं. गावातल्या निम्म्या घरांची दारं माझ्या बापानं केलेली, आमच्या बोरीच्या बाजाराला येणाऱ्या कितीतरी बैलगाड्यांची चाकं त्याच्या हातची, आणि त्याच्याच घराला पत्रा. येणारा-जाणारा बोलायचा. आई तर रोज बोलायची. "सुताराच्या घरी देल्ली म्हून बाप खूश होता माहा," सकाळी तार सोडता सोडता ती म्हणायची, "म्हने पोरीले लाकडाची कमी नाही पडनार." बाबा नुसते हसायचे. दुकानाच्या मागं लिंबाखाली, विटांवर उचलून ठेवलेले सागाचे दोन ओंडके होते. मी अगदी लहान असताना त्यांनी ते जंगल खात्याच्या लिलावातून आणलेले. ते दारासाठी होते, आणि ते वाळत होते. मी अंगणवाडीत जात होते तेव्हा वाळत होते, मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गेले तरी वाळतच होते.

मला सांगायचं आहे ते आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचं. पण तो या ओंडक्यांतून निघाला, म्हणून सुरुवात तिथून केली.

बाबांचं दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्याला लागून टिनाची एक ओसरी. बाभळीच्या भुशाचा तुरट वास, कोपऱ्यात टेकवलेली अर्धवट चाकं, आणि दिवसभर लाकूड तासणाऱ्या वाकसाचा टक-टक आवाज. तो आवाज थांबला की आई स्वयंपाकघरातून समजायची, आता चहा मागतील. मी रंध्याच्या सालपटांवर बसून अभ्यास केला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते. पण माझं पहिलं शिक्षण त्या ओसरीत झालं, हेही सांगते. मधल्या तुंब्यात बारा आरे ठोकून बसवायचे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचा, म्हणजे लाकडाच्या बाकदार तुकड्यांचा, गोल जुळवायचा आणि शेवटी तापवून लाल केलेली लोखंडी धाव त्यावर चढवायची, असं ते चाक व्हायचं. प्रत्येक सांधा झाला की बाबा त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडकलं तर सांधा उकलून पुन्हा. "पोकळी ठेवनं म्हंजे बेइमानी," असं ते स्वतःशीच पुटपुटायचे, आणि मी ऐकत असायची. मला शिकवायचं असं त्यांच्या मनात नसावं. मुलीला सुतारकाम कोण शिकवतो. पण कानावर पडलेलं जात नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. काम संपलं की ते बाक झाडायचे आणि बाकावर काय उरलं ते निरखून पाहायचे. एखादी पाचर उरली, एखादा खिळा उरला, तर ते चाक त्यांच्या लेखी पुरं झालेलं नसायचं. आणि सगळं मनासारखं झालं तरच तुंब्यावर पटाशीनं निशाणी करायचे. तीन चिरा, दोन सरळ, एक तिरपी. दारव्ह्याच्या बाजारात कुठल्याही गाडीच्या चाकाजवळ वाकून मी सांगू शकायची, ही आमची की दुसऱ्याची.

मी कॉलेजात गेले तोवर त्या चिरा कमी झाल्या होत्या. समोर देवरावकाकांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. ते बाबांचे लहानपणचे सोबती, बोलायला तिखट, मनानं तसे बरे. ते रबरी टायरच्या लोखंडी गाड्या तयारच आणून उभ्या करायचे, बाजूला निळ्या रंगात कंपनीचं नाव. बैलांना त्या हलक्या जायच्या, लोक घ्यायचे. बाबांकडं दुरुस्ती उरली. वाकसाचा आवाज दुपारीच थांबायला लागला, आणि आईला चहा कधी ठेवावा ते कळेनासं झालं.

मी रोज एस.टी.नं यवतमाळला जायची आणि कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासला बसायची. मराठी टायपिंग मला असं जमलं की क्लासच्या मॅडम दुसऱ्यांना माझी बोटं दाखवायच्या. मग गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर एकदा बाबांना म्हणाले, आमच्या परीक्षेचे पेपर टाईप करायला दारव्ह्याला पाठवावे लागतात, पोरीकडं मशीन असेल तर वार्षिक परीक्षेपासून तिलाच देतो. बाबांनी ते घरी येऊन सांगितलं, जेवताना, माझ्याकडं न पाहता. त्या दिवशी आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. त्यांनी भाजीत तेल ओतून घेतलं आणि म्हणाले, "ओंडके वाळले आता." आईचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पत्र्याच्या पल्ल्याकडं पाहिलं, आणि पुढची भाकर थापायला घेतली. तिच्याकडून तेवढाच होकार होता. मला नीट कळत होतं की ते ओंडके एकदाच विकले जाणार आहेत. मशीन बिघडलं तर दुसरं नाही, दारही नाही, आणि पेपर जातील दारव्ह्याला.

तेव्हा कॉम्प्युटर दोन तऱ्हेनं मिळायचा. एक कंपनीचा, खोक्यात बंद होऊन आलेला, वर नाव आणि वर्षाची गॅरंटी. दुसरा असेंबल, म्हणजे एकेक भाग निवडून जोडलेला. तेवढ्याच पैशात असेंबलमध्ये मेमरी दुप्पट यायची, पडदा मोठा यायचा, आणि पुढं एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता यायचा. मला असेंबल हवा होता. बाबा माझ्या बाजूनं असतील हे मी धरूनच चालले होते. हातानं जोडलेल्या वस्तूवर त्यांचं आयुष्य गेलेलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कंपनीचा घे."

"काहून?"

"लोकाले शिक्का लागते, वने. मी तीस वर्स गाड्या केल्या. देवराव एक लोखंडाची आनून उभी करते, वर नाव रंगवलं असते, लोकं चाकाले हात लावून पाहात बी नाही. हेडमास्तर विचारन, कोन्या कंपनीचा हाय. काय सांगशीन?"

"सांगीन, निवडून आनला. तुमी लाकूड निवडता तसा."

"मी निवडतो," बाबा म्हणाले, "म्हून माह्यं दुकान असं हाय."

त्यानंतर आमच्यात दोन दिवस बोलणं झालं नाही. भांडण असं नव्हतं. पण मला वाईट याचं वाटत होतं की स्वतःच्या कामावरून या माणसाचा जीव उठत चालला आहे आणि तो ते कॉम्प्युटरच्या नावानं बोलतो आहे. आज माझी लेक पुण्याहून फोनवर विचारते, "मम्मी, डेस्कटॉप रेडीमेड घेऊ का स्वतः बिल्ड करू?" तिच्यासाठी तो एका रविवारचा प्रश्न आहे, चार व्हिडिओ पाहून सुटणारा. मी तिला म्हणते, तुला आत काय आहे ते पाहायचं असेल तर जोड. ती म्हणते, हे कसलं उत्तर. उत्तर तेच आहे, पण ते मला कुठं मिळालं ते फोनवर सांगून होत नाही.

शेवटी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी नवी. आधी कंपनीच्या दुकानात, कारण त्यांचा आग्रह. काचेचं दार, थंड हवा, रांगेत मांडलेले पांढरे डबे. तिथला तरुण विक्रेता नम्र होता, त्यानं बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. डब्याजवळ गेले आणि बोटाच्या पेरानं त्याच्यावर ठोकून पाहिलं, लाकूड पोकळ आहे का पाहतात तसं.

"काका, ठोकू नका."

"आत काय हाय?"

"सगळं आहे काका. कंपनी फिटिंग."

"दाखवा."

"उघडता येत नाही. हे स्टिकर आहे ना, हे फाटलं की गॅरंटी गेली."

बाबांनी ते चंदेरी स्टिकर जवळून पाहिलं. "म्हंजे मी पाह्यलं तर गॅरंटी नाही, अन् नाही पाह्यलं तर हाय?"

"हो काका. तसंच असतं."

बाबांनी त्याला नमस्कार केला आणि बाहेर आले. उन्हात उभं राहून टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "आत भुसा भरला असन तरी आपल्याले काय समजते." थोडं चालल्यावर, माझ्याकडं न पाहता, "तू सांगतला तो सुटे भागवाला कुठीसा बसते?"

इरफानभाई एका सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बसायचे. लाकडी जिना इतका उभा, की बाबांनी चढताना प्रत्येक पायरीचा सांधा पाहिला. खोलीत टेबलावर एक कॉम्प्युटर पसरलेला होता. पसरलेला म्हणजे डब्याशिवाय, सगळे भाग उघडे, वायरी लोंबत असलेल्या, आणि तो चालू होता. पडद्यावर चित्र होतं, एक छोटा पंखा भिरभिरत होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. क्लासमध्ये मी दीड वर्षं कॉम्प्युटरसमोर बसत होते, पण तो आतून मीही पाहिला नव्हता. बाबा त्या टेबलासमोर असे उभे राहिले, जसे कळंबला चिंतामणी गणपतीच्या पायऱ्या उतरून गेल्यावर उभे राहतात. हात जोडले नव्हते एवढंच.

"कापलेल्या बकऱ्यासारखा पसरून ठेवला, अन् तरी जित्ता हाय," ते म्हणाले. इरफानभाई खळखळून हसले. मग त्यांनी एका डबीतून प्रोसेसर काढून बाबांच्या तळहातावर ठेवला. चौकोनी, पापडाच्या तुकड्याएवढा, खालून सोन्याच्या रंगाचे बारीक पाय, एकसारखे, रांगेनं.

"किती पाय हायेत?"

"चारशेच्या वर, काका."

बाबांनी तो डोळ्याजवळ नेला. एका तुंब्यात बारा आरे सारख्या अंतरानं बसवायला त्यांना अख्खा दिवस लागायचा. "हे कोनाचं हातकाम हाय?" त्यांनी विचारलं. इरफानभाईंनी एक सुटा मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, पुढं ओढला. मग ते म्हणाले, "आता बघा." मदरबोर्डवर तेवढ्याच भोकांची एक बैठक होती. त्यांनी बाजूची बारकी दांडी उचलली, प्रोसेसर दोन बोटांत धरून बैठकीवर नेला आणि सोडून दिला. तो आपल्या वजनानं आत उतरला. आवाजही झाला नाही.

"ठोकाचं नाही?"

"जोर लावलात तर पाय मोडले. खुद बैठता है. मग ही दांडी पाडली का सगळ्याइले एकाच वक्ती धरते."

"अजून एक डाव करा."

इरफानभाईंनी तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी बाबांनी श्वास धरलेला मला दिसला. तीस वर्षं हातोडीनं सांधे बसवणारा माणूस, ठोक्याशिवाय बसणारा सांधा पाहत होता. पुढं कित्येक दिवस ते मधेच काम थांबवून दोन बोटं हवेत धरायचे आणि सोडायचे. मला ते दिसायचं.

"सुटा द्या," बाबा म्हणाले. "सगळा सुटा. घरी ही जोडन."

मी असं काही म्हटलेलं नव्हतं. इरफानभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "बेटी ने सीखा है क्या?"

"बी. कॉम.ले हाय," बाबा म्हणाले.

बी. कॉम.चा आणि स्क्रूड्रायव्हरचा संबंध नसतो हे इरफानभाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण बाबांच्या लेखी शिकलेल्या माणसाला सगळं येतं, आणि त्या वेळी त्यांचा शब्द खाली पाडायची माझी हिंमत नव्हती. थोडा गर्वही होता, तो कशाला लपवू. इरफानभाईंनी तासभर खपून एकेक भाग कुठं कसा बसतो ते दाखवलं, हार्ड डिस्कमध्ये लागेल ते सगळं भरून दिलं, आणि स्क्रूंची एक पुडी हातावर ठेवली. सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती त्यांना सांगण्यासारखी वाटलीच नसेल. खिळ्याचं टोक खाली धरायचं, हे कोण कोणाला सांगतं.

ओंडके आम्ही यवतमाळला जायच्या आधीच दारव्ह्याचा एक व्यापारी ट्रकमध्ये घालून घेऊन गेला होता. विटा तशाच राहिल्या, आणि मधली जमीन कित्येक दिवस पांढरी होती, तिच्यावर गवत उगवेना.

जोडणीसाठी रविवार ठरला. बाबांनी आदल्या दिवशी ओसरीतला भुसा झाडून काढला, दोनदा पाणी शिंपडलं. सकाळी बाकावर त्यांचं धुवट धोतर अंथरलं आणि त्यावर भाग मांडले. आईनं ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या होत्या. सगळ्या ओसरीत तो वास. देवरावकाका आपलं दुकान उघडं टाकून येऊन बसले आणि शेंगा सोलू लागले. "पाहू बा," म्हणाले, "सुताराच्या घरी कॉम्प्युटर जन्मून राह्यला."

प्रोसेसर मीच सोडला. उतरला. मेमरीची पट्टी बसली, टक् असा आवाज झाला तेव्हा बाबांनी मान डोलावली, हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मग मदरबोर्ड डब्यात बसवायचा. पुडीत स्क्रूंबरोबर पितळेच्या सहा बारीक खुंट्या होत्या. त्या डब्याच्या पत्र्यात पिळून त्यावर बोर्ड ठेवायचा असं दिसत होतं, आणि तसा मी ठेवलाही. पण बोटानं दाबलं तर बोर्ड किंचित लचकत होता. खाली वाकून पाहिलं तर पत्रा आणि बोर्ड यांच्यात बोट जाईल अशी पोकळी. ज्या घरात मी वाढले तिथं असा सांधा कोणी ठेवला नसता. मी खुंट्या काढल्या, वाटीत टाकल्या, आणि बोर्ड सरळ पत्र्यावर टेकवून स्क्रू आवळले. पक्का बसला. बाबांनी पेरानं ठोकलं. "आता बसला," म्हणाले.

आता बोर्डावरची वायरी लावायची तोंडं डब्याच्या मागच्या पट्टीतल्या भोकांशी जुळेनात, बोर्ड खाली गेल्यामुळं. तिथं तरी मला कळायला हवं होतं. पण आमच्या दुकानात जे जुळत नाही ते घासून जुळवतात. बाबांनी मागची ती पातळ पट्टी काढून नेली, अंगणात बसून कानशीनं भोकं खाली वाढवली, कडा गुळगुळीत केल्या, पुसून आणून दिली. तोंडं जुळली. इतकं सुबक घासकाम त्या पट्टीवर झालं होतं की देवरावकाकासुद्धा हातात घेऊन पाहत राहिले.

बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा. तिसऱ्यांदा दाबल्यावर नाकाशी एक बारीकसा जळका वास आला, तुरीच्या शेंगांच्या वासातून वेगळा कळणारा, आणि मी वायरच उपटली. मग देवरावकाका बोलले, कारण त्यांना राहवलं नाही. "खोक्यातला घेतला असता तर आतापावतो गानं वाजलं असतं."

"तुमी शेंगा खा," आई म्हणाली.

मी लिंबाखाली जाऊन त्या रिकाम्या विटांवर बसले. रडले नाही. रडायच्या पलीकडचं होतं ते. मी डोळ्यांपुढं आणत होते की दारव्ह्याला कुठंतरी ते ओंडके कापले जात असतील, आणि त्यांच्या बदल्यात आमच्या बाकावर मेलेली एक वस्तू पडली आहे, जी मी मारली. त्याहून वाईट हे, की बाबांचं म्हणणं खरं ठरलं होतं. हातानं जोडलेलं चालत नाही. ते मला कधी बोलून दाखवणार नव्हते. ते स्वतःलाच सांगणार होते, रोज.

ओसरीतून झाडूचा आवाज आला. बाबा बाक झाडत होते, सवयीनं, काम मोडलं तरी. आवाज थांबला. मग हाक आली, "वने. हे काय हाय?"

मी गेले. त्यांच्या तळहातावर ती वाटी.

"उरले ते."

"उरले म्हंजे?"

"त्याच्यानं खाली पोकळी राहाते बाबा. म्हून काढले."

"त्या मानसानं सहा मोजून देल्ले," बाबा म्हणाले, "अन् बोर्डाले भोकं किती हायेत?"

मी मोजली. सहा.

त्यांनी वाटी बाकावर ठेवली. मग मला कोपऱ्यात घेऊन गेले, जिथं धाव न चढवलेलं एक चाक भिंतीला टेकून होतं, गिऱ्हाईक नसल्यानं तसंच राहिलेलं. माझं बोट धरून त्यांनी दोन पुठ्ठ्यांच्या मधल्या फटीवर ठेवलं. बोटाचं टोक आत गेलं.

"काय हाय?"

"पोकळी."

"कायले ठेवली मी?"

मला माहीत होतं. मी शंभर वेळा पाहिलं होतं आणि कधी मनात आणलं नव्हतं. लाल धाव चढते, वर पाणी ओततात, वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं आणि पुठ्ठ्यांना चारी बाजूंनी आवळतं. ती फट नसेल तर आवळायला जागाच नाही, धाव आरे मोडून टाकील.

"आवळाले जागा पाह्यजे म्हून."

"मंग," बाबा म्हणाले. "म्या तुले आतापावतो एकच गोष्ट सांगतली, दुसरी नाही सांगतली. चूक माही हाय."

आम्ही बोर्ड काढला आणि मी तो पहिल्यांदा उलटा केला. खालच्या बाजूला डाक दिलेले शेकडो टोकदार थेंब होते, चांदीसारखे, काटेरी, आणि प्रत्येक थेंब कशाला तरी जोडलेला. हे सगळे मी एका सपाट लोखंडावर दाबून बसवले होते, म्हणून एकाची वीज दुसऱ्यात शिरत होती. त्यांना हवा हवी होती. प्रत्येकाला आपापला मोकळेपणा हवा होता. बाबांनी बोट न लावता, वरूनच, त्या थेंबांवरून हात फिरवला. "किती लोकं राहाते इथं," ते म्हणाले.

खुंट्या पिळल्या. बोर्ड वर चढला. बाबांनी घासून वाढवलेल्या भोकांच्या खाली आता रिकामी जागा दिसत होती, ती तशीच राहू दिली. मला बटण दाबवेना. आईनं पदराला हात पुसले, पुढं आली, आणि म्हणाली, "कुठचं व, हे का?" आणि दाबलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. डब्यातून टुक् असा एक आवाज आला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. एका ओळीत आकडे चढू लागले, भराभर, मेमरीचे. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या टोपीवर उजेड पडला.

"काय करून राह्यला?"

"मेमरी मोजते."

"कोनाची?"

"स्वतःचीच."

"स्वतःले मोजून राह्यला," बाबा देवरावकाकांना म्हणाले, अगदी हळू आवाजात, कोणी झोपलेलं असावं तसं. "उठल्याबरोबर पयले स्वतःले मोजून राह्यला, सगळं जागेवर हाय का म्हून." देवरावकाकांच्या हातातली शेंग तशीच होती. असं मी त्यांच्या आयुष्यात एकदाच पाहिलं.

त्या मशीननं अकरा वर्षं काम केलं. हायस्कूलचे पेपर, लग्नपत्रिका, अर्ज, माझी तिसऱ्या वर्षाची सगळी टिपणं. कोणत्या कंपनीचा, हे हेडमास्तरांनी एकदाही विचारलं नाही. फक्त त्यातून गाणं कधी वाजलं नाही. त्या जळक्या वासात आवाजाचा भाग गेला होता. इरफानभाई म्हणाले, वेगळं कार्ड टाकून देतो, मी नको म्हटलं. मुका होता पण आमचा होता. घराला दार लागलं ते माझ्या नोकरीनंतर, यवतमाळहून तयार आणलेलं, कारण तोवर बाबांचा हात कापायला लागला होता. त्यांनी त्यावर पेरानं ठोकलं, बिजागरीच्या बाजूनं नख फिरवलं, "चालते" म्हणाले, आणि रात्री दोनदा उठून ते उघडून-लावून पाहिलं. आता बाबा नाहीत. तो डबा माझ्याकडं आहे, आत काही नाही, पण झाकण काढलं की एका कोपऱ्यात ते दिसतं, ज्याच्यासाठी मी तो ठेवला आहे.

त्या रविवारी ऊन उतरल्यावर देवरावकाका गेले, आई शेंगांची सालं गोळा करून गाईला घालायला गेली, आणि बाबांनी मला मशीन बंद करायला सांगितलं. मग लोखंडावर रेघ मारायची टोकदार सळी आणून माझ्या हातात दिली.

"टाक निशानी."

"तुमी टाका."

"मी कायले? जोडला तू."

"माही निशानीच नाही, बाबा."

"मंग आज ठरव."

मी डब्याच्या आतल्या पत्र्यावर, खालच्या कोपऱ्यात, तीन चिरा ओढल्या. दोन सरळ, एक तिरपी, त्यांच्यासारख्याच. सळी थोडी घसरली, तिरपी जरा लांब गेली. मग तिच्यापुढं आणखी एक ओढली, उलट्या बाजूला तिरपी. बाबांनी वाकून नख फिरवलं. नख चार वेळा अडकलं.

"चौथी कोनाची?"

"माही."

बाबांनी नख आणखी एकदा चारही चिरांवरून नेलं, मग झाकण उचलून लावलं, आणि कोपऱ्यांतले स्क्रू एकेक करून स्वतः पिळले, दोन बोटांनी, जोर न लावता.